तीन पौंडांत हिंदुस्थान

जुन्या काळीं मनुष्य घर सोडून दूर देशीं जाई, तें बहुधा चार कारणांसाठीं. यात्रेकरू पुण्यासाठीं जाई, व्यापारी नफ्यासाठीं जाई, शिपाई पगारासाठीं जाई आणि वकील आपल्या धन्याच्या कामासाठीं जाई. या चौघांच्याहि पाठीमागें कोणी तरी उभें असे. कोणाच्या मागें देव, कोणाच्या मागें पेढी, तर कोणाच्या मागें दरबार. ज्याला या चारांपैकीं एकहि कारण नाहीं, आणि तरी ज्याचे पाय घरांत ठरत नाहींत, अशा मनुष्यास आमच्याकडे भटक्या म्हणत. आणि त्या शब्दांत कौतुकापेक्षां हेटाळणीच अधिक असे.

आज पाठीवर एक पिशवी बांधून एकट्यानें खंडामागून खंड पालथें घालणारीं, वाटेंत बर्फाचे डोंगर चढणारीं, नद्यांच्या खळाळांत होड्या घालणारीं तरुण मुलें-मुली आपल्या मध्यम स्थितींतील घरांतूनहि दिसूं लागलीं आहेत. तीं निघालीं कीं वडील माणसें विचारतात, 'पण यानें साधतें काय?' प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर उपदेशानें देण्यापेक्षां, याच प्रश्नानें ज्याचा जन्मभर पाठलाग केला अशा एका जुन्या माणसाची हकीकत सांगावी, हें आम्हांस अधिक बरें वाटतें. हा मनुष्य इंग्लंडांतून निघून, बहुतेक वाट पायीं तुडवीत, जहांगीर बादशहाच्या दरबारांत आला. आणि सुरतेच्या मातींत मिळाला. त्याचें नांव टॉमस कोरियट.

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यांत ओडकूम नांवाचें एक खेडें आहे. तेथील पाद्र्याच्या घरीं सुमारें १५७७ सालीं कोरियट जन्मला. ऑक्सफर्डास कांहीं वर्षें काढून त्यानें ग्रीक व लॅटिन या भाषा चांगल्या आत्मसात् केल्या. परंतु पदवी न घेतांच तो बाहेर पडला आणि पुढें युवराज हेन्री याच्या परिवारांत शिरला. तेथें त्याचें काम काय, तर लोकांना हंसविणें. त्याहून खरें सांगावयाचें तर लोकांनीं आपणांस हंसावें म्हणून समोर उभें राहणें. मोठमोठे शब्द वापरण्याची त्याला भारी हौस. बोलूं लागला कीं ग्रीक-लॅटिनची खिचडी शिजे. दरबारी मंडळी त्याची मनसोक्त टर उडवीत आणि तो ती निमूटपणें सोशी. विद्वत्ता आहे, पण तिला किंमत नाहीं. कीर्तीची भूक आहे, पण ती मिळविण्याचें साधन नाहीं. अशा कोंडींत सांपडलेल्या मनुष्यानें शेवटीं स्वतःच्या पायांवर विश्वास टाकला.

१६०८ च्या १४ मे रोजीं त्यानें डोव्हर बंदर सोडलें. फ्रान्स, सॅव्हॉय व आल्प्स ओलांडून तो व्हेनिसला गेला, तेथें सुमारें सहा आठवडे राहिला, आणि स्वित्झर्लंड, जर्मनी व हॉलंड या मार्गानें ३ ऑक्टोबर रोजीं लंडनला परत आला. हिशेब ठेवण्यांत तो मोठा काटेकोर होता. पांच महिन्यांत १९७५ मैल प्रवास व ४५ शहरांचें दर्शन, असा जमाखर्च त्यानें मांडून ठेवला आहे. जातांना कांहीं वाट घोड्यावर व होडींत झाली. आल्प्सच्या एका चढणीवर तर त्याची दमछाक इतकी झाली कीं दोन माणसांकडून खुर्चींत बसून वर जावें लागलें. परततांनाचा बराच रस्ता मात्र त्यानें पायींच काढला. या सबंध प्रवासांत त्याच्या पायांत एकच जोडा होता, व तो एकदांच दुरुस्त करावा लागला. घरीं आल्यावर त्यानें तो जोडा ओडकूमच्या देवळांत टांगून ठेवला, व पुढें किती तरी वर्षें तो तेथें लोंबत होता. आपल्याकडे नवस फेडतांना देवळांत घंटा बांधतात. या गृहस्थानें जोडा बांधला. देवाला काय वाटलें असेल तें असो, पण त्या गांवकऱ्यांना आपल्या मुलाचा पराक्रम डोळ्यांनीं पाहावयास मिळाला.

या प्रवासांतील एक प्रसंग त्याच्या स्वभावाची किल्ली आहे. जर्मनींत एका निर्जन वाटेवर दोन दांडगे शेतकरी समोरून येतांना दिसले. हे आपणांस लुटणार अशी त्याची खात्री झाली. पळून जाणें अशक्य आणि लढणें त्याहून अशक्य. तेव्हां त्यानें डोक्यावरची टोपी काढली, चेहरा दीन केला आणि त्यांच्याच पुढें हात पसरून भीक मागूं लागला. त्या दोघांनीं त्याला चार नाणीं दिलीं, आणि त्यांत त्याच्या त्या रात्रीच्या जेवणाचा अर्धा खर्च भागला! एकट्या प्रवाशाचें शस्त्र कोणतें, या प्रश्नाचें याहून चांगलें उत्तर आम्हांस तरी माहीत नाहीं. ज्याला मान जाण्याची भीति नाहीं, त्याचें फार थोडें लुटतां येतें.

१६११ सालीं त्यानें आपला प्रवासग्रंथ स्वतःच्या खर्चानें छापविला. 'कोरियटचे कच्चे घास' अशा अर्थाचें त्याचें नांव आहे. पांच महिन्यांच्या प्रवासांत घाईघाईनें गिळलेले व अजून न पचलेले घास, हा त्यांतील विनोद. ग्रंथाच्या आरंभीं स्तुतिपर कविता असाव्यात म्हणून त्यानें दरबारांतल्या कवींकडे खेपा घातल्या. त्यांनीं कविता दिल्या खऱ्या, पण त्या स्तुतीच्या मिषानें केलेल्या थट्टेच्या! बेन जॉन्सन व जॉन डन यांच्यासारखे कवि त्यांत होते. युवराजांनीं फर्माविलें कीं छापावयाच्या तर साऱ्याच छापा. अशा रीतीनें स्वतःची नालस्ती स्वतःच्याच पैशानें छापण्याचा प्रसंग या ग्रंथकारावर आला. तरीहि ग्रंथ वाचून पाहावा तर भूमि भक्कम लागते. कोणत्या शहराच्या भिंती किती उंच, कोणत्या देवळावर कोणता शिलालेख, कोठें काय खातात, हें सारें त्यानें नीट टिपलें आहे. इटालींतील लोक जेवतांना मांसास बोट न लावतां कांट्यानें धरतात, हें पाहून त्यानें तो प्रघात उचलला व घरीं परतल्यावरहि चालू ठेवला. त्याबद्दलहि त्याला हंसलेंच गेलें. उन्हासाठीं इटालियन लोक वापरीत त्या छत्रीचें वर्णनहि त्याच्या ग्रंथांत आहे. हंसणाऱ्यांची नातवंडें पुढें कांट्यानें जेवूं लागलीं व छत्री घेऊन फिरूं लागलीं, हा इतिहासाचा नेहमींचा न्याय होय.

एवढ्यानें त्याचें समाधान झालें नाहीं. १६१२ च्या ऑक्टोबरांत तो पुन्हा निघाला. आणि या वेळीं ज्या वाटेनें गेला तिच्यावरून तो परत आला नाहीं. ग्रीक बेटें पाहून तो ट्रॉयच्या अवशेषांपाशीं उतरला. तेथें बरोबरच्या इंग्रज सोबत्यांनीं तरवार उपसून त्याला गमतीनें 'ट्रॉयचा सरदार' केलें. त्यानें तो थट्टेचा किताबहि गंभीरपणें स्वीकारला व उलट काव्यमय भाषण ठोकलें. नंतर कॉन्स्टँटिनोपल येथें इंग्रज वकिलाच्या आश्रयानें सुमारें दहा महिने राहून त्यानें जें जें पाहण्यासारखें तें तें पाहिलें. १६१४ च्या ईस्टरला तो जेरुसलेमांत होता. तेथील यात्रेकरूंच्या रिवाजाप्रमाणें त्यानें दोन्ही मनगटांवर क्रुसाचीं चिन्हें गोंदवून घेतलीं. तीं निळीं गोंदणें दाखविण्यांत त्याला मोठा आनंद वाटे. आपल्या पंढरीच्या वारकऱ्याला गळ्यांतील माळेचा जसा अभिमान, तसाच हा.

जेरुसलेमपर्यंत तरी लोकांना समजेल असा कांहीं हेतु होता. तेथून पुढें मात्र हेतु म्हणून उरला तो एकच: पाहणें. अलेप्पो येथून १६१४ च्या सप्टेंबरांत तो पूर्वेकडे चालूं लागला. बरोबर नोकर नाहीं, तंबू नाहीं, हुंडी नाहीं. दियारबेकीरच्या बाजूस एका तुर्की घोडेस्वारानें त्याला जवळजवळ नागविलें. कपड्यांत ठिकठिकाणीं शिवून ठेवलेल्या थोड्या सोन्यामुळें तो वांचला. ताब्रीज व काझवीन या शहरांवरून तो इस्फहानला पोंचला व तेथें दोन महिने थांबून, हिंदुस्थानाकडे निघालेल्या एका मोठ्या तांड्यांत मिसळला. त्या तांड्याचा आंकडा त्यानें आपल्या पत्रांत दिला आहे: २,००० उंट, १,५०० घोडे, हजारांवर खेंचरें, ८०० गाढवें आणि ६,००० माणसें. एकटा प्रवासी म्हणून आपण ज्याचें कौतुक करतों तो अशा रीतीनें एका चालत्या शहरांतूनच प्रवास करीत होता. ही गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. एकट्यानें जाणें याचा अर्थ माणसांवांचून जाणें असा नव्हे. ज्यांच्याशीं आपलें कांहीं नातें नाहीं अशा माणसांच्या भरंवशावर जाणें, असा आहे. त्या काळच्या सराया, विहिरी, तांड्याचे नायक व रस्त्याच्या कडेचे भटारखाने हीं सारीं तशाच भरंवशावर चाललीं होतीं, आणि म्हणूनच एक परका मनुष्य आशिया खंड ओलांडूं शकला.

इराण व हिंदुस्थान यांच्या सरहद्दीजवळ एक चमत्कारिक भेट झाली. इराणच्या शहाच्या नोकरींत असलेला सर रॉबर्ट शर्ली हा इंग्रज सरदार आपल्या पत्नीसह हत्ती घेऊन मोंगल दरबारांतून परत येत होता. त्या ओसाड मुलखांत शर्लीनें आपल्या सामानांतून कोरियटचे दोन ग्रंथ काढून दाखविले. ते त्यानें नीट जपून ठेवले होते! स्वदेशीं ज्या ग्रंथाची टवाळी झाली, तो ग्रंथ परमुलखांत एका देशबंधूच्या पेटींत सुरक्षित पाहून त्या पायपिट्याला काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. शर्लीच्या पत्नीनें त्याला ४० शिलिंग किंमतीचें इराणी नाणें दिलें. पुढें कंदाहार, मुलतान व लाहोर करीत तो आग्र्यास आला. लाहोर ते आग्रा या वीस दिवसांच्या सपाट वाटेवर दुतर्फा लावलेली झाडांची अखंड रांग पाहून तो थक्क झाला. असें दृश्य आपण दुसरें पाहिलें नाहीं असें त्यानें लिहिलें आहे. शेवटीं १६१५ च्या जुलैंत तो अजमीरला पोंचला. बादशहाचा मुक्काम त्या वेळीं तेथेंच होता.

आतां हिशेब पाहा. जेरुसलेम ते अजमीर हे २,७०० मैल त्यानें पंधरा महिन्यांत पायीं तोडले. अलेप्पोपासून अजमीरपर्यंतच्या दहा महिन्यांत त्याचा एकंदर खर्च झाला तीन पौंड. आणि त्यांतूनहि दहा शिलिंग कांहीं आर्मेनियन लोकांनीं फसवून घेतले. ते वजा जातां रोजची सरासरी पडते दोन पेनींची. कांहीं मुलखांत तर एका पेनींत दिवस सुखानें निघे, असें तो सांगतो. तीन पौंडांत हिंदुस्थान!

अजमीरला इंग्रज कंपनीची वखार होती. तेथें दहा इंग्रज होते. त्यांच्यांत तो उतरला आणि घरीं पत्रें लिहूं लागला. तीं १६१६ सालीं लंडनास पुस्तकरूपानें छापलीं गेलीं. पुस्तकावर हत्तीवर बसलेल्या कोरियटचें चित्र आहे, कारण हत्तीवर बसण्याची आपली हौस त्यानें येथें भागवून घेतली होती. हत्तींच्या झुंजी, वाढदिवशीं सोन्याशीं होणारी बादशहाची तुला, बंगाल्यांतून आणलेले दोन 'एकशिंगी' प्राणी, हें सारें त्यानें मोठ्या उत्साहानें कळविलें आहे. ते एकशिंगी म्हणजे आपले गेंडे, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल.

परंतु आम्हांस त्याचें खरें कौतुक वाटतें तें त्याच्या भाषांच्या अभ्यासाबद्दल. तुर्की व अरबी तो वाटेंतच शिकला होता. येथें त्यानें फारसी व हिंदुस्थानी यांवर मेहनत घेतली. १६१५ च्या अखेरीस सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून अजमीरला आला. त्याच्या नोकरांत एक देशी परटीण होती. तिची जीभ सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले आणि तिच्यापुढें कोणाचेंहि चालत नसे. एके दिवशीं कोरियटनें तिच्याशीं तिच्याच भाषेंत सामना दिला, आणि सकाळीं आठ वाजावयाच्या आंत तिला असें गप्प केलें कीं तिच्या तोंडून पुढें शब्द फुटेना. ही गोष्ट वकिलाचा पाद्री एडवर्ड टेरी यानें नमूद करून ठेवली आहे. हंसूं येतें; पण परक्या मुलखाची भांडणाची भाषा ज्याला साधली, त्याला ती भाषा आली असें खुशाल समजावें.

याच अभ्यासाच्या जोरावर त्यानें एक धाडस केलें. एके दिवशीं वकिलास न सांगतां तो बादशहाच्या झरोक्याखालीं जाऊन उभा राहिला आणि त्यानें फारसींत भाषण केलें. आपण दूर देशचे फकीर असून चार गोष्टींसाठीं येथवर आलों, असें त्यानें सांगितलें: बादशहाचें दर्शन घ्यावें, त्याचे हत्ती पाहावे, गंगा पाहावी, आणि समरकंदला जाऊन तैमूरलंगाची कबर पाहावयाची असल्यानें त्यासाठीं परवाना मिळवावा. जहांगीरनें उत्तर दिलें कीं तिकडील राजांशीं आपला स्नेह नाहीं, तेव्हां परवान्याचा उपयोग होणार नाहीं. मात्र त्यानें वरून एका कापडांत बांधलेले शंभर रुपये खालीं टाकविले. त्यांची किंमत दहा पौंड, म्हणजे कोरियटच्या दहा महिन्यांच्या खर्चाच्या तिपटीहून अधिक.

सर टॉमस रो यास हें कळलें तेव्हां तो संतापला. इंग्रज मनुष्यानें बादशहापुढें भिकाऱ्यासारखें उभें राहावें, यानें सबंध राष्ट्राची अब्रू जाते, असें त्याचें म्हणणें. कोरियटनेंहि त्याला असें ठणकावून उत्तर दिलें कीं वकील गप्प बसला. हा वाद आजहि मिटलेला नाहीं. पूर्वेकडील शहरांत श्रीमंत देशांतले तरुण रस्त्याच्या कडेला बसून पुढील प्रवासासाठीं पैसे मागतात, तेव्हां पाहणारास हाच प्रश्न पडतो. आमच्या मतें रोच्या बोलण्यांतहि तथ्य होतें. पण रोच्या मागें राजाचा खजिना होता, आणि कोरियटच्या खिशांत, त्याच्याच म्हणण्याप्रमाणें, वीस शिलिंगच उरले होते. अब्रूचा भाव दोघांस सारखा परवडणारा नव्हता.

त्याचा एक मोठा दोष मात्र झांकून चालणार नाहीं. धर्माच्या बाबतींत त्याच्या अंगीं सोशिकपणा मुळींच नव्हता. व्हेनिसांत यहुद्यांच्या वस्तींत त्यानें एका धर्मगुरूशीं असा वाद घातला कीं गर्दी अंगावर आली आणि इंग्रज वकिलाच्या माणसांनीं त्याला सोडविलें. मुलतानला एका मुसलमानानें त्याला काफर म्हटलें, तेव्हां त्यानें भर रस्त्यांत इस्लामाची निंदा करणारें भाषण केलें. आग्र्यास तर तो मशिदीसमोरील एका उंच जागेवर चढून मुल्लाच्या बांगेला मोठमोठ्यानें उलट उत्तर देऊं लागला. दुसऱ्या कित्येक देशांत यापायीं त्याचें डोकें उडालें असतें, असें टेरी लिहितो. येथें लोकांनीं त्याला वेडा समजून सोडून दिलें. म्हणजे ज्या सहिष्णुतेचा त्यानें अपमान केला, तिनेंच त्याचे प्राण राखले! आश्चर्य हें कीं त्याच सहिष्णुतेची एक सुंदर गोष्ट त्यानेंच टिपून ठेवली आहे. पोर्तुगीजांनीं कुराणाची विटंबना केली म्हणून अकबराच्या आईनें हट्ट धरला कीं बायबल गाढवाच्या गळ्यांत बांधून आग्र्यांतून फिरवावें. आईचा शब्द अकबर कधीं मोडीत नसे. पण ही एक मागणी त्यानें नाकारली. वाईटाचा बदला वाईटानें घेणें राजास शोभत नाहीं, आणि कोणत्याहि धर्माचा अपमान हा ईश्वराचाच अपमान आहे, असें त्याचें म्हणणें. ही गोष्ट कोरियटला मनापासून आवडली. स्वतःच्या आचरणांत ती उतरली नाहीं, पण कानांवर आलेलें मोल त्यानें फेंकून दिलें नाहीं. प्रवास मनुष्याला शहाणा करतोच असें नाहीं. परंतु शहाणपणाच्या गोष्टी त्याच्या झोळींत टाकतो, एवढें खरें.

आग्र्याहून तो हरिद्वारला गेला व गंगास्नानाचा मेळा त्यानें पाहिला. कांगड्याकडे जाऊन ज्वालामुखीच्या देवस्थानांतील, दगडांतून निघणाऱ्या ज्वाळाहि पाहिल्या. १६१६ च्या ऑक्टोबराअखेर आग्र्याहून त्यानें आईला लिहिलेलें पत्र छापलेलें आहे. बादशहापुढील भाषणाची हकीकत त्यांतच येते. चार वर्षें घराबाहेर असलेला मुलगा आईला आपण शिकलेल्या भाषा व पाहिलेले हत्ती सांगतो, तेव्हां दरबारचा विदूषक नाहींसा होतो आणि पाद्र्याच्या घरचा मुलगा दिसूं लागतो.

दरम्यान दक्षिणेंत मलिक अंबराशीं मोंगलांचें युद्ध पेटलें होतें, आणि त्या मोहिमेवर नजर ठेवण्यासाठीं जहांगीर १६१७ च्या मार्चांत मांडवगडास येऊन राहिला होता. निजामशाहीच्या ज्या धामधुमींतून शहाजीराजांचा उदय व्हावयाचा होता, तिच्या उंबरठ्यापर्यंत हा प्रवासी येऊन पोंचला. परंतु नर्मदेपलीकडील आपला मुलूख त्याच्या नजरेस पडावयाचा नव्हता. मांडवगडावर तो रोच्या बिऱ्हाडीं, टेरीच्याच खोलींत राहिला. प्रकृति ढासळली होती. एके दिवशीं बोलतां बोलतां खांबाला टेकला असतां तो एकाएकीं बेशुद्ध होऊन पडला. शुद्धीवर आल्यावर त्यानें सांगितलें कीं एकाच विचारानें आपला धीर सुटला: सुरतेच्या तीनशें मैलांच्या वाटेंत आपण मेलों, तर कोठें तरी पुरले जाऊं, आणि आपलें काय झालें हें आपल्या मित्रांस कधींच कळणार नाहीं. वाटेंत लुटला गेला तेव्हां तो डगमगला नाहीं. भीक मागतांना लाजला नाहीं. पण आपली सारी पायपीट निनांवी राहील, या भीतीनें तो मनुष्य कोसळला.

त्यांत आणखी दोन घाव बसले. स्टील नांवाच्या व्यापाऱ्यानें इंग्लंडच्या राजास कोरियटची खबर सांगितली, तेव्हां तो मूर्ख अजून जिवंत आहे काय, असें राजानें विचारलें. आणि तें त्या व्यापाऱ्यानें जसेंच्या तसें येऊन कोरियटला सांगितलें. दुसरें, अलेप्पोच्या इंग्रज अधिकाऱ्यास रोनें त्याच्यासाठीं शिफारसपत्र दिलें. त्यांत भलेपणानें का होईना, हा प्रामाणिक पण गरीब बिचारा आहे, अशा अर्थाचे शब्द होते. तेवढ्यानेंहि त्याच्या काळजास चर्रर् झालें. रोनें मग तें पत्र बदलून दिलें. पांच वर्षें चालून, सहा-सात भाषा शिकून मनुष्य शेवटीं काय ठरला? एकाच्या लेखीं मूर्ख, दुसऱ्याच्या लेखीं बिचारा.

१६१७ च्या अखेरीस तो सुरतेस पोंचला. तेथील इंग्रजांनीं त्याचें स्वागत प्रेमानेंच केलें. इंग्लंडाहून स्पॅनिश मद्य आलें आहे हें कळतांच घरची चव आठवून त्यानें तें मागून घेतलें. पोट अगोदरच बिघडलें होतें. थोडेंच प्यालें, पण तेवढेंच पुरें झालें. त्या डिसेंबरांत, वयाच्या सुमारें चाळिसाव्या वर्षीं, तो मरण पावला. त्याच्यावर एक लहानसें थडगें बांधलें गेलें.

आणि त्याच्या कागदांचें काय झालें? मांडवगडावरील त्याची भीति बहुतांशीं खरी ठरली. थोडीं टिपणें पर्चस नांवाच्या संग्राहकाच्या हातीं लागलीं. त्यानें तीं कापून छाटून १६२५ सालीं छापलीं. बाकीचें सारें गडप झालें. ज्या पूर्वेकडील प्रवासाच्या ग्रंथासाठीं त्यानें प्राण वेंचले, तो ग्रंथ जगानें कधीं पाहिलाच नाहीं. याच्या उलट सर टॉमस रोची रोजनिशी टिकली, कंपनीच्या वखारवाल्यांचीं पत्रेंहि टिकलीं, आणि आज जहांगीरकालाचा इतिहास लिहितांना त्यांवांचून कोणाचें चालत नाहीं. रोची योग्यता मोठी होती यांत शंका नाहीं. पण त्याचे कागद टिकले याचें कारण त्याच्यामागें दप्तर होतें. व्यापाऱ्यानें लवंगेचा भाव लिहिला तर पेढी तो जपून ठेवते; वकिलानें मानापमान लिहिले तर दरबार ते जपून ठेवतो. ज्याला कोणी पाठविलें नाहीं, त्यानें परटिणीची भाषा, रस्त्यावरच्या झाडांची रांग आणि दोन पेनींचें जेवण लिहिलें, तर तें जपून ठेवण्याचें काम कोणाचें? इतिहासाच्या साधनांतलें हें मोठें भगदाड आहे, आणि सामान्य माणसाचें आयुष्य नेमकें त्याच भगदाडांतून गळून जातें.

हें इंग्रजांपुरतेंच खरें आहे असें नाहीं. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेनें उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या वणव्यांत सांपडले. त्यांची हकीकत त्यांच्याकडून चिंतामणराव वैद्य यांनीं लिहवून घेतली नसती आणि १९०७ सालीं ती छापली नसती, तर झांशीच्या त्या दिवसांचें एका गरीब भिक्षुकानें पाहिलेलें चित्र आपणांस कोठून मिळतें? पण असे वैद्य किती जणांना भेटतात? आमच्याच घरीं आजोबांच्या काशीयात्रेची एक वही होती. कोणत्या गांवीं उतरलों, शिधा काय भावानें मिळाला, कोणत्या नदीस उतार नव्हता, असा मजकूर त्यांत होता असें वडील सांगत. घर बदलतांना जुन्या कागदांबरोबर ती रद्दींत गेली. त्या वेळीं आम्हांस तिची किंमत वाटली नाहीं. आज वाटते, पण आतां वाटून उपयोग काय?

कोरियटच्या कथेस मात्र एक शेवटचें पान आहे, आणि तें मुंबईनें लिहिलेलें आहे. मुंबईंत जन्मलेले, मूळच्या गोमंतकीय घराण्यांतले इंग्रजी कवि डॉम मोराएस यांनीं आयुष्याच्या अखेरीस सरयू श्रीवत्स यांच्यासह कोरियटच्या वाटेचा मागोवा घेतला, आणि २००३ सालीं त्याच्यावर दोघांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षीं मोराएस वारले व मुंबईस शिवडीच्या दफनभूमींत त्यांस पुरण्यांत आलें. त्यांच्या इच्छेप्रमाणें श्रीवत्स यांनीं त्यांच्या कबरीवरची माती इंग्लंडास नेली आणि ओडकूम गांवीं पुरली. ओडकूमचा मनुष्य चालत येऊन सुरतेच्या मातींत मिळाला. चारशें वर्षांनीं मुंबईची मूठभर माती ओडकूमास गेली. आपलें काय झालें हें कोणास कळणार नाहीं, म्हणून जो मांडवगडावर बेशुद्ध पडला, त्याची ही खबर घरीं पोंचली. उशिरां पोंचली, पण पोंचली.

तेव्हां 'यानें साधतें काय' या प्रश्नाला आमचें उत्तर एवढेंच कीं, तें जाणाऱ्याला जातांना ठाऊक नसतें आणि पाठविणाऱ्यालाहि नसतें. घरांतलें कोणी पिशवी पाठीस लावून निघालें तर वडिलांनीं काळजी करावी. तो त्यांचा अधिकारच आहे. परंतु निरोप देतांना पिशवींत एक कोरी वही घालावी, आणि तें मूल परत आल्यावर ती वही मागून घेऊन कपाटांत नीट ठेवावी. रद्दीवाला दारावर येतच असतो.